14 वर्षांखालील शालेय कबड्डी व खो-खोत प्रत्येक मुलाला किमान खेळ मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, पुणे
प्रत माहितीसाठी: मा. शिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद, पुणे, मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, घोडेगाव

विषय: जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील तालुकास्तरीय स्पर्धांत राखीव खेळाडूंना खेळवण्याचा नियम करणेबाबत.

कबड्डीच्या संघात 12 नावे असतात आणि मैदानात सातजण उतरतात, खो-खोत नऊ. तालुका पातळीवर बाद पद्धत असली की पहिलाच सामना हरणाऱ्या संघाची त्या वर्षाची स्पर्धा तिथेच संपते. मग उरलेल्या मुलांपैकी कोणाला मैदानात पाय ठेवता येईल, हे फलकावरच्या गुणफरकावर ठरते. 14 वर्षांखालील गटापुरता तरी हा निर्णय गुणफरकावर न सोडता लेखी नियमाने व्हावा, एवढीच या निवेदनाची मागणी आहे.

राखीव मुलाचा दिवस इतरांसारखाच पहाटे सुरू होतो. अंगात क्रमांकाचा बनियन, गुडघ्याला पट्टी, मध्यंतरात खेळणाऱ्यांना पाण्याच्या बाटल्या नेऊन देणे, आणि शेवटची शिट्टी झाली की सर्वांबरोबर गाडीत बसणे. सहभागाचे प्रमाणपत्र बाराही जणांना सारखेच मिळते, त्यामुळे कागदोपत्री कोणावर अन्याय झालेला दिसत नाही.

या दोन तालुक्यांत हा प्रश्न जास्त बोचतो, कारण सामन्याबाहेर खेळायला मिळणारा वेळही अपुरा आहे. कुकडी आणि घोडच्या पाण्यावर उभ्या असलेल्या उसात बिबट्याचा वावर आहे. शाळा सुटल्यावर सरावासाठी थांबलेले मूल अंधाराआधी घरी पोहोचलेच पाहिजे. पश्चिमेला भीमाशंकर-आहुप्याकडच्या डोंगरपट्ट्यात ऊस नाही, पण ऐन स्पर्धांच्या तोंडावर पाऊस असतो आणि मैदानाचा चिखल झालेला असतो. अशा ठिकाणी सामना हाच मुलाचा खरा सराव ठरतो, आणि नेमका तोच त्याच्या वाट्याला येत नाही.

यात क्रीडाशिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. समोरचा संघ आपले सात तगडे गडी शेवटपर्यंत ठेवणार हे माहीत असताना एकट्या शिक्षकाने उदार होऊन सामना घालवावा, ही अपेक्षा रास्त नव्हे. बंधन दोन्ही संघांवर सारखे असेल तरच कोणाचे नुकसान होत नाही. म्हणून येथे नियम मागितला आहे. शिक्षकांना आवाहन करणारे परिपत्रक पुरेसे नाही.

कबड्डीत असा नियम बसवणे अवघड नाही. सात जागा आणि दोन अर्ध, म्हणजे एकूण 14 जागा होतात, मुले 12. प्रत्येकाला एक पूर्ण अर्ध दिला तरी दोन गडी संपूर्ण सामना खेळू शकतात. मध्यंतरात पाचही राखीव खेळाडू बदलण्याची मुभा आजच्या नियमात आहेच, त्यामुळे घड्याळ लावून मिनिटे मोजण्याची गरज पडत नाही. चढाईची सक्ती मात्र असू नये. घाबरलेल्या मुलाला मध्यरेषेपलीकडे ढकलून खेळाची गोडी लागत नाही. कोपऱ्यात उभे राहून साखळीने केलेली एक पकडही पुरेशी असते.

खो-खोत अडचण जरा लपलेली आहे. संरक्षक तीन-तीनच्या तुकडीने येतात. चपळ मुले पहिल्या तुकडीत ठेवली आणि त्यांनीच वेळ काढला, तर तिसरी तुकडी मैदानात न येताच पाळी संपते. ती मुले आक्रमणात खेळली असे म्हणता येईल, पण पळतीची मजा त्यांना मिळत नाही. त्यावर उपाय म्हणून, पहिल्या डावात ज्यांना पळायला मिळाले नाही त्यांची तुकडी दुसऱ्या डावात पहिली उतरवावी आणि राखीव मुलांना एका डावात तरी नवात घ्यावे.

अशी पद्धत जगात नवी नाही. अमेरिकेतील लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेत प्रत्येक मुलाला किमान क्षेत्ररक्षण आणि एकदा तरी फलंदाजी देण्याचे बंधन आहे. नॉर्वेने तर लहान मुलांच्या खेळात निकालाला किती महत्त्व द्यायचे यावरच वयानुसार मर्यादा घातल्या आहेत. इतके दूर जाण्याची येथे मागणी नाही. सामना जिंकायलाच खेळावा.

17 आणि 19 वर्षांखालील गट या मागणीतून जाणीवपूर्वक वगळले आहेत. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण यांचा विचार त्या वयात सुरू झालेला असतो. तेथे निवड गुणवत्तेवरच व्हावी. 14 वर्षांखालील गटातही जिल्हा स्तरापासून पुढे संघनिवड आजच्यासारखीच राहू द्यावी.

एका सामन्यापुरता नियम अपुरा पडेल, म्हणून या गटात तीन-चार संघांचे गट पाडून साखळी सामने घ्यावेत. मैदाने व पंच कमी पडत असल्यास निदान पहिल्या फेरीत हरलेल्या संघांची वेगळी फेरी ठेवावी. तिकडे वाड्यावस्त्यांवरच्या काही छोट्या शाळांची अडचण उलटी आहे: तेथे बाराच काय, सातही मुले जमत नाहीत. त्यांना केंद्रातील शेजारच्या शाळेबरोबर संयुक्त संघ उतरवण्याची परवानगी मिळावी.

अंमलबजावणीसाठी कबड्डी व खो-खोच्या गुणपत्रकात प्रत्येक नावापुढे दोन रकाने वाढवावेत. गुणलेखकाने कोण कोणत्या अर्धात किंवा डावात खेळले याची खूण करावी आणि मध्यंतरात पंचांनी ती पाहावी. दुखापत वा आजार असल्यास सूट असावी. नियम मोडल्यास गुण कापू नयेत, कारण ती शिक्षा मुलांनाच होते. वगळलेल्या मुलाला पुढच्या सामन्यात पहिल्यापासून उतरवणे बंधनकारक करावे. सुधारित गुणपत्रकाचा नमुना आगामी स्पर्धांच्या वेळापत्रकाबरोबरच दोन्ही तालुक्यांच्या क्रीडा संयोजकांना आणि आश्रमशाळांना पाठवण्यात यावा.

निवेदक,
जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील पालक, क्रीडाशिक्षक व माजी खेळाडू