विसराळू मुनीम

मिरचीच्या हंगामात धर्माबादच्या अडतीवर नेहमीचा माणूस गेला, की मुनीम त्याला नावानिशी ओळखतो. महाजालावरचा मुनीम मात्र जन्माचा विसराळू! आपण पान मागावे, त्याने ते द्यावे आणि तत्क्षणी आपल्याला विसरावे, ही त्याची रीत. यावर तोड म्हणून १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ‘कुकी’ काढली. कुकी म्हणजे आपल्या हाती दिलेली क्रमांकाची चिठ्ठी. त्या क्रमांकाचा हिशेब मुनिमाजवळ असतो. त्यालाच म्हणतात ‘सेशन’.

आता घरातली मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसते. शेवटची तारीख! उत्पन्नाचा दाखला सापडत नाही म्हणून आई कपाट उपसते. अर्ध्या तासाने बटण दाबावे, तो उत्तर येते, ‘सेशन संपले’!

“पण मी तर सारखी लिहीतच होते की!” मुलगी रडकुंडीला येते.

खरे आहे, पण पाठवण्याचे बटण दाबीपर्यंत मुनिमाच्या लेखी आपण गप्पच असतो. ‘एएसपी डॉट नेट’ या प्रणालीत मुद्दाम बदल केला नसेल, तर अशा वीस मिनिटांच्या मौनानंतर हिशेब मोडतो.

मग मुदत साठ मिनिटे केली की झाले? छे! चालकाने आधी पाहावे, हिशेब ठेवला आहे कोठे? वेगळे सांगितले नाही तर तो मुनिमाच्या डोक्यातच राहतो. ‘वेब कॉन्फिग’ ही फाइल नुसती बदलली, तरी मुनीम नव्याने जागा होतो आणि सारे विसरतो. गर्दीसाठी दोन मुनीम बसवले असतील, तर एकाचा हिशेब दुसऱ्याला ठाऊक नसतो. तेथे सामाईक वही हवी : स्वतंत्र ‘स्टेट सर्व्हर’ किंवा डेटाबेस. दोघांची ‘मशीन की’ही एकच हवी, नाही तर एकाने मोहोर केलेला कागद दुसरा नाकारतो. शिवाय प्रवेशाची, म्हणजे ‘लॉगिन’ची, मुदत निराळी असते, तीही तपासावी.

आपण घरच्यांनी काय करावे? दाखले आधी जमवावेत, लांब मजकूर वेगळा लिहून ठेवावा आणि ‘जतन करा’ असे बटण असेल तर ते दर पानाला दाबावे. आणि वाचकहो, आपले चिरंजीव किंवा कन्यका अशी संकेतस्थळे बांधीत असतील, तर फराळाच्या ताटावर त्यांना एवढे अवश्य विचारा : “बाळ, तुझा मुनीम हिशेब डोक्यात ठेवतो, की वहीत?”