सिन्नर १८९८ ते मालेगाव २०२२: साथ ओसरल्यानंतरची साथ

१/
जानेवारी १८९८. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे प्लेगच्या बंदोबस्ताविरुद्ध दंगल उसळली. लोकांचा रोष रोगावर नव्हता. घरांची झडती घेणाऱ्या, रोग्याला उचलून नेणाऱ्या आणि त्याच्या आप्तांना छावणीत डांबणाऱ्या व्यवस्थेवर तो होता. पुण्यात चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या, त्याला तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते.

२/
४ फेब्रुवारी १८९७च्या साथरोग कायद्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले होते. परंतु सक्तीने रोगी सापडत नाहीत, ते लपवले जातात, हे राज्यकर्त्यांना अनुभवाने उमगले. पुढील काही वर्षांत झडत्यांवरचा भर कमी झाला. गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहणे, ज्ञातींची स्वतंत्र रुग्णालये आणि ऐच्छिक लस यांना वाव मिळाला. प्लेग मात्र गेला नव्हता. नाशिकजवळच्या भगूरमध्ये १८९९ साली सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत प्लेगनेच दगावले.

३/
प्लेगची लस वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७मध्ये मुंबईत सिद्ध करून प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी ही लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मृत्युमुखी पडले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि तो पुसला जायला १९०७ साल उजाडले. लस प्रयोगशाळेत पुन्हा तयार करता येत होती. गमावलेला विश्वास तसा तयार करता येत नव्हता.

४/
साथींचा इतिहास बहुधा रुग्णसंख्येचा आलेख खाली आला की संपवला जातो. ही इतिहासलेखनातली चूक आहे आणि प्रशासनातलीही. मोठ्या साथीत नेहमीचे उपचार थांबतात. ते पुन्हा सुरू होईपर्यंत जुने रोग स्वस्थ बसत नाहीत. साथीचा खरा शेवट या थांबलेल्या उपचारांच्या पुनरारंभाने मोजला पाहिजे.

५/
एप्रिल २०२०. यंत्रमागांचे शहर मालेगाव करोनाने वेढले गेले. अनेक खासगी दवाखाने बंद झाले. त्या महिन्यात कब्रस्तानांतील दफनांची संख्या आदल्या वर्षापेक्षा कितीतरी वाढली. करोनाच्या नोंदलेल्या मृत्यूंतून त्या वाढीचा अल्पसाच भाग उलगडत होता. मधुमेह, हृदयविकार, दमा असलेल्यांना वेळेवर डॉक्टर मिळाला नाही, असे तेथील अनेकांचे म्हणणे होते. याच काळात तेथील मोहम्मदिया तिब्बिया महाविद्यालयाच्या ‘मन्सुरा काढ्या’साठी लोकांनी गर्दी केली. काढ्याच्या गुणांचा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट दिसते: जे दार उघडे होते आणि ओळखीचे होते, तिकडे माणसे वळली.

६/
क्षयरोगाचे आकडे हेच सांगतात. २०१९मध्ये देशात २४.०४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली. २०२०मध्ये ती १८.०५ लाखांवर आली. क्षय एका वर्षात इतका घटत नाही. जे नोंदीतून गळाले, त्यांतले बहुतेक तपासणीविना घरीच खोकत राहिले. क्षयाच्या निदानाची यंत्रे आणि माणसेही करोनाच्या कामाला जुंपली गेली होती. नोंद पूर्ववत व्हायला २०२२ उजाडले. त्या वर्षी ती २४.२२ लाख होती. क्षयाचा साधा उपचारही सहा महिन्यांचा असतो. तो मध्येच तुटला तर औषधांना दाद न देणारा क्षय बळावतो.

७/
मग आला गोवर. २०२२च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, भिवंडी आणि मालेगाव येथे त्याचे उद्रेक झाले. एका रुग्णापासून लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते, म्हणून लसीकरणातली फट सर्वप्रथम गोवरच उघडी पाडतो. करोनाकाळात अनेक बालकांचे डोस राहून गेले होते. जगभर २०२१मध्ये गोवराच्या लसीचा एखादा तरी डोस हुकलेली बालके जवळपास ४ कोटी होती. डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३मध्ये दोन फेऱ्यांत विशेष मोहीम राबवावी लागली. ती उद्रेकानंतर आली, हेच तिचे दुखणे.

८/
यावर एक आक्षेप रास्त आहे. साथीत मनुष्यबळ मर्यादित असते. घर पेटले असताना अंगण कोण झाडणार? पण क्षयाची गोळी आणि बाळाचा डोस म्हणजे अंगणझाड नव्हे. पश्चिम आफ्रिकेत २०१४-१५च्या इबोलाने ११ हजारांहून अधिक बळी घेतले. त्याच काळात उपचार खंडित झाल्याने हिवताप, क्षय आणि एचआयव्हीने ओढवलेले जादा मृत्यूही जवळपास तितकेच असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

९/
म्हणून प्रत्येक जिल्ह्याच्या साथनियोजनात पुनरारंभाचे एक स्वतंत्र पान असावे. कोणता दवाखाना कोणत्याही स्थितीत बंद होणार नाही? कोणाचे औषध तुटले, कोणत्या बाळाचा डोस चुकला, याची यादी साथ चालू असतानाच कोण ठेवील? दार वाजवायला कोण जाईल? ही कामे आशा कार्यकर्तीवर सोपवायची, तर साथीच्या सर्वेक्षणातून तिला केव्हा मोकळे करणार, हेही त्याच पानावर लिहिलेले हवे.

१०/
सिन्नरच्या लोकांना सरकारी माणूस दारात दिसला तो घरातले माणूस उचलून नेण्यासाठी. मालेगावात सव्वाशे वर्षांनी आरोग्यसेविका दारात आली ती बाळाला लस देण्यासाठी. उंबरठ्याआतल्या माणसाला मात्र हा फरक आपोआप कळत नाही. साथीच्या दिवसांत त्या दाराशी कसे वागले गेले, त्यावरच ते पुढच्या वेळी उघडते की नाही हे ठरते.