चष्मा केव्हां लावावा?

बोईसरसारख्या गांवीं आतां घरोघर दोन-तीन चष्मे सहज निघतात. आजोबांचा वाचण्याचा, कारखान्यांत जाणाऱ्या चिरंजीवांचा लांबचा, शाळकरी नातीचा नवा. परंतु तो लावावयाचा केव्हां, याविषयीं एका घरांतही एकमत नसतें. सतत लावल्यानें डोळे आळसावतात व नंबर वाढतो, ही समजूत तर फारच दृढ आहे. ती निराधार आहे, हें आम्ही प्रथमच सांगतों. वाढत्या वयांत लघुदृष्टीचा नंबर वाढतो, तो बहुधा डोळ्याचा गोल लांबत जातो म्हणून.

निर्णय करावा तो कामावरून व वयावरून. उणे एक नंबरवाल्यास सुमारें एक मीटरपर्यंत, उणे दोनवाल्यास अर्ध्या मीटरपर्यंत स्पष्ट दिसतें. असा प्रौढ गृहस्थ घरीं चष्मा काढून पोथी वाचीत बसला, तर कांहीं बिघडत नाहीं. तोच दुचाकीवरून तारापूरच्या रस्त्यानें मालमोटारींमधून निघाला, कीं चष्मा नाकावरच हवा. तेथें प्रश्न दुसऱ्याच्याही जिवाचा असतो. स्टेशनावर गाडी विरारची कीं डहाणूची, हेंही अंदाजानें ठरवूं नये.

चष्म्यासच आपण ‘चाळिशी’ म्हणतों, तें अनुभवाचें शहाणपण होय. त्या वयाच्या सुमारास डोळ्यांतील भिंगाची लवचिकता कमी पडते व जवळचें अंधुक होतें. हा चष्मा वाचण्यापुरताच. तो लावून जिना उतरणें धोक्याचें.

उपवर मुलीस पाहुण्यांपुढें चष्मा काढावयास लावणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. पाहुणे कसे आहेत, हें तिलाही दिसावयास नको काय?

लहान मुलांस मात्र कसलीच सवलत देतां येत नाहीं. एका डोळ्याचा नंबर पुष्कळ अधिक असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करावयास शिकतो. सात-आठ वर्षांच्या आंत चष्मा व इतर उपचार झाले, तर ती दृष्टि पुष्कळशी सुधारते. वय वाढल्यावर उत्तम चष्म्यानेंही पूर्ण भरपाई होईलच असें नाहीं. म्हणून डॉक्टरांनीं दिवसभर म्हटलें, तर दिवसभरच लावावा. नातीचा चष्मा शोभत नाहीं म्हणून लग्नकार्यांत पेटींत ठेवविणाऱ्या वडील मंडळींनीं एवढें ध्यानांत घ्यावें.