आत्या दाराबाहेर

‘उद्या डिस्चार्ज!’ दादाचा फोन आला आणि मी जोरात शिंकले. पलीकडून वहिनीचा आवाज, ‘सर्दी झालीये? मग बरी होईपर्यंत येऊ नकोस हं.’

फुगे आणलेले, केक सांगितलेला. आणि सख्ख्या आत्यालाच नो एंट्री?

खरं तर बाराव्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि पाठीत धपाटे खायचे, हा माझा हक्क. पण बाराव्या दिवशी आमची पोरगी एनआयसीयूत होती. एकतिसाव्या आठवड्यातच आली, वजन १ किलो ४०० ग्रॅम. पायाला पट्टी, त्यावर वहिनीचं नाव आणि पुढे ‘बेबी’. ३८ दिवस तेवढीच तिची ओळख.

राग आलाच. मग दादाने समजावलं. आईकडून बाळाला मिळणाऱ्या अँटिबॉडीज मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळतात. हिने त्यातले दोन बुडवले. माझी सर्दी चार दिवसांची, तिच्यासाठी तीच कदाचित पुन्हा हॉस्पिटल.

तरी गेलेच. मास्क लावून, जिन्यात अर्धा मजला खाली उभी. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. दुपट्यातून एक टोपी दिसली, लिंबाएवढं तोंड दिसलं आणि दार बंद झालं. आत आईची घुटीची वाटी जप्त झाल्याचं नंतर कळलं. वर्षभर मध नाही म्हणजे नाही! ‘तुम्हाला चाटवूनच वाढवलं की,’ आई पुटपुटली, पण कोपरापर्यंत हात धुवायला गेली.

रात्री अडीचला वहिनीचा मेसेज : ‘झोप येत नाही. बीप ऐकू येत नाहीये ना!’ ३८ दिवस ज्या आवाजाला ती घाबरायची, त्याच्याशिवाय आता तिला भीती वाटत होती. दर दहा मिनिटांनी ती बाळाच्या पोटावर हात ठेवून श्वास बघत होती.

शेवटी दादाने शर्टाची बटणं उघडली आणि नुसत्या लंगोट-टोपीतली पोर छातीवर घेतली. ही कांगारू केअर. १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटात, इन्क्युबेटर कमी पडत होते म्हणून सुरू झालेली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की अशा बाळांना जन्मल्याबरोबर असंच कवटाळा. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर आता म्यूटवर राहून कॉल घेतो, छातीवर दोन किलोंची बॉस!

तुमच्या एखाद्या मित्राचं बाळ असंच घरी येत असेल, तर प्लीज लगेच बघायला धावू नका. डबा दाराशी ठेवा, बेल वाजवू नका, खाली येऊन मेसेज करा.

दहा दिवसांनी सर्दी गेली. हात धुतले, अंगठी काढली, मग आत गेले. पाळणा नाही, पाहुणे नाहीत. दादाच्या छातीवरच ती झोपलेली. वाकून कानात नाव सांगितलं, अगदी हळू.

वहिनीने पाठीत धपाटा घातला. एकच, पण सणसणीत. मग दोघी रडलो, आवाज न करता.