जादा हमी, पण कशाची?

आमच्या पूर्णा गावातल्या गोदामांतून मालाचे ट्रक रात्रंदिवस सुटतात. हमीचा कागद मात्र कुणी वाचत नाही. आम्हीही वाचला नव्हता! बाबांनी यंत्रमागावरच्या मजुरीतून मला मोबाईल घेतला, दुकानदाराच्या आग्रहाने जादा वॉरंटीचे दीड हजारही मोजले. आठव्या महिन्यात काच फुटली. उत्तर मिळाले, ‘पडझड यात बसत नाही.’ मित्रहो, पहिले वर्ष कंपनीची हमी असतेच. ही जादा हमी त्यानंतर सुरू होणार! ‘परत खरेदी’त तर महिन्यागणिक भाव उतरतो, आणि पैसे बहुधा नव्या खरेदीतच वळते होतात. सदोष मालासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही. मग आणखी पैसे कशासाठी मोजायचे? बाबा एवढेच म्हणाले, “त्या दीड हजारात काच बसली असती.”