बाटली दिली, सुई दिली, सांगणार कोण?



आपल्याच भागातल्या एका सत्तरीच्या आजींना मेडिकलमधून बाटली मिळाली 100 युनिटच्या इन्सुलिनची आणि सिरिंज लाल टोपणाची, म्हणजे 40 युनिटची. डॉक्टरांनी 20 युनिट लिहिले होते. आजींनी चष्मा लावून बरोबर 20 च्या रेघेपर्यंत औषध ओढलं. अंगात गेले 50 युनिट! दरदरून घाम, थरथर, मग शुद्धच हरपली. शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं म्हणून वाचल्या. 100 च्या बाटलीला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. "आजी, हिला ती सुई चालत नाही," एवढं सांगायला किती वेळ लागतो?

आपला राग काउंटरवरच्या पोरावर नाही. राग आहे तो साबणाच्या वडीसारखं इन्सुलिन पिशवीत टाकून "पुढचे कोण?" म्हणण्याच्या रीतीवर. भिंतीवर फार्मासिस्टचं सर्टिफिकेट असतं, तेही पुष्कळदा भाड्याचं; फार्मासिस्ट भलत्याच गावी. पोरगा कात्रीने पट्टी कापतो, वर पेनने 1-0-1 लिहितो. संपलं. ग्लिमेपिराइड घेऊन जेवण चुकवलं तर साखर कोसळते, हे कोण सांगणार? इन्सुलिन फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवावं, पण गोठलेलं वापरू नये. दुधाळ असेल तर तळहातांत हलकेच घोळवावं. रोज त्याच जागी टोचलं तर तिथे गाठ धरते आणि औषध नीट लागत नाही. यातलं एक तरी वाक्य तुम्ही काउंटरवर ऐकलंय?

दुकानदार म्हणतात, गिऱ्हाईक विचारतच नाही. अहो, ज्याला ठाऊकच नाही तो काय विचारणार? भारतीय फार्मसी परिषदेची 2015 ची नियमावली तर सांगते की बोलणं फार्मासिस्टने स्वतःहून काढायचं. म्हणतात, डॉक्टरांनी सांगितलंच असेल. मग चुकीची सिरिंज डॉक्टरांनी विकली काय? आणि सगळ्यांत चीड आणणारं उत्तर: "परवडत नाही." 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात कमाल किंमत ठरवतानाच किरकोळ दुकानदाराचे 16 टक्के धरलेले आहेत. ते आपण प्रत्येक बाटलीमागे मोजतो. ते काय नुसते फडताळातून बाटली काढण्याचे?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही आहेत 10 कोटींच्या वर. एवढ्या माणसांना मुकाट्याने पिशवी धरायला लावणारी ही रीत आपण चालू देतो, म्हणून चालते.

यापुढे इन्सुलिन घेताना काउंटरवरून हलू नका. "फार्मासिस्टला बोलवा" म्हणा. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा त्याच्याकडून जुळवून घ्या, साखर उतरली तर काय करायचं ते वदवून घ्या. फार्मासिस्ट नसेलच, तर पक्कं बिल मागा. त्यावर दुकानाचा परवाना क्रमांक असतो. तो लिहून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.