ऑस्ट्रेलियातील खनिज प्रक्रिया यंत्रसामग्री : मागणी आणि अनिश्चितता

पश्चिम ऑस्ट्रेलियाची राजधानी पर्थ. या शहराच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, हिंदी महासागराच्या काठी क्विनाना हा औद्योगिक पट्टा आहे. १९६३ पासून ॲल्युमिना तयार करणारा तेथील अल्कोआ कंपनीचा कारखाना २०२४ मध्ये थांबला आणि पुढच्याच वर्षी तो कायमचा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. बीएचपी कंपनीने आपल्या निकेल शुद्धीकरण कारखान्यातील काम ऑक्टोबर २०२४ मध्ये स्थगित केले. चीनची तिआनची आणि ऑस्ट्रेलियाची आयजीओ यांच्या लिथियम प्रकल्पातील दुसऱ्या उत्पादन शाखेचे काम जानेवारी २०२५ मध्ये सोडून देण्यात आले. मात्र त्याच वर्षाच्या मध्यास, याच पट्ट्यात, वेसफार्मर्स आणि चिलीची एसक्यूएम यांच्या भागीदारीतील नव्या लिथियम शुद्धीकरण कारखान्यातून पहिले उत्पादन बाहेर पडले.

एकाच किनाऱ्यावरील या घटना परस्परविरोधी भासतात. तथापि, खनिजांवर प्रक्रिया करणाऱ्या यंत्रसामग्रीची मागणी कशी वाढते आणि कशी आटते, हे त्यांवरून समजून घेता येते. भूगर्भात खनिज असले म्हणजे यंत्रांना मागणी येतेच, असे नाही. प्रक्रिया केलेल्या मालाला अनेक वर्षे परवडणारा भाव मिळेल, ही खात्री असेल तरच कोणी भट्टी किंवा गिरणी विकत घेतो. ऑस्ट्रेलियात आज खनिजांची वाण नाही; वाण आहे ती या खात्रीची.

खनिज विपुल, प्रक्रिया अल्प

ऑस्ट्रेलिया हा जगातील सर्वांत मोठा लोहखनिज निर्यातदार देश आहे. खाणीतून निघणाऱ्या लिथियमच्या उत्पादनातही तो अग्रस्थानी आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रीनबुशेस ही कठीण खडकातून लिथियम काढणारी जगातील सर्वांत मोठी खाण होय. परंतु तेथील स्पोड्युमीन हे खनिज प्राथमिक प्रक्रियेनंतर बहुतांशी चीनला रवाना होते आणि बॅटरीस योग्य असे रसायन तेथे तयार होते. लोहखनिजाचीही तीच गत आहे. पिलबरा प्रदेशातील हेमेटाइट खनिज इतके संपन्न होते, की ते फोडून, चाळून थेट जहाजात भरणे पुरेसे ठरे. त्यामुळे अनेक दशके या देशाची यंत्रसामग्रीची गरज मुख्यतः उत्खनन, क्रशर, चाळण्या आणि वाहक पट्टे यांच्यापुरती राहिली.

हे चित्र आता दोन दिशांनी बदलत आहे. खनिजाची प्रत उतरत चालल्याने अधिक दळणे भाग पडत आहे. तर जागतिक राजकारणामुळे शुद्धीकरण मायदेशी करण्याची निकड निर्माण झाली आहे. यंत्रांच्या मागणीचे हे दोन प्रवाह स्वभावाने अगदी भिन्न आहेत.

दळणाची स्थिर मागणी

पहिला प्रवाह लोहखनिजात स्पष्टपणे दिसतो. रिओ टिंटो कंपनीने २०२५ मध्ये आपल्या प्रमुख पिलबरा मिश्रणातील लोहाचे प्रमाण ६०.८ टक्क्यांपर्यंत खाली आणले. त्याच वर्षाच्या अखेरीस आफ्रिकेतील गिनी देशातील सिमांडू येथून सुमारे ६५ टक्के लोह असलेल्या खनिजाची निर्यात सुरू झाली. उत्तम प्रतीचा प्रतिस्पर्धी बाजारात उतरत असताना स्वतःची प्रत घसरणे ऑस्ट्रेलियाला परवडणारे नाही. शिवाय कमी प्रदूषण करणाऱ्या पोलादनिर्मितीला अधिक शुद्ध लोहखनिज लागते.

यावरील एक मार्ग म्हणजे मॅग्नेटाइट. या खनिजात मुळात लोहाचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास असते. परंतु त्याचे बारीक चूर्ण करून चुंबकाच्या साहाय्याने लोहकण वेगळे केले, तर ६५ टक्क्यांहून अधिक लोह असलेला माल मिळतो. येथे चाळणी पुरत नाही. प्रचंड गिरण्या, उच्च दाबाचे रोलर, चुंबकीय विभाजक, पाण्याचे पंप आणि उरलेला गाळ साठवण्याची व्यवस्था, असा सारा लवाजमा लागतो. केप प्रेस्टन येथील सायनो आयर्न प्रकल्पात चीनच्या सिटिक उद्योगसमूहाने स्वतःच्याच कारखान्यात बनविलेल्या महाकाय गिरण्या बसविल्या. तेथून पहिली निर्यात डिसेंबर २०१३ मध्ये झाली. फोर्टेस्क्यू कंपनीच्या आयर्न ब्रिज प्रकल्पाने मे २०२३ मध्ये उत्पादनास प्रारंभ केला. त्याची नियोजित क्षमता वर्षाला २ कोटी २० लाख टन असून तेथील मालात सुमारे ६७ टक्के लोह असते. या दोन्ही प्रकल्पांचा खर्च आणि कालावधी मूळ अंदाजांपेक्षा बराच वाढला, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

सोन्याच्या खाणींतही हेच घडत आहे. कालगुर्ली येथील फिमिस्टन गिरणीची क्षमता वर्षाला १ कोटी ३० लाख टनांवरून २ कोटी ७० लाख टनांवर नेण्याचा सुमारे १.५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चाचा निर्णय नॉर्दर्न स्टार कंपनीने २०२३ मध्ये घेतला. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याचा भाव औंसाला ४ हजार अमेरिकी डॉलरच्या वर गेला. अशा भावात कमी प्रतीचा खडक दळणेही लाभदायक ठरते.

दळणाच्या यंत्रांची मागणी तुलनेने स्थिर राहण्यास आणखी एक कारण आहे. गिरणीचे अस्तर झिजते, पंपांचे पाते घासते, चाळण्या फाटतात. नव्या खाणी उघडोत वा न उघडोत, चालू खाणींना सुटे भाग लागतातच. या क्षेत्रातील फिनलंडची मेट्सो आणि स्कॉटलंडची वीअर यांसारख्या कंपन्यांचे निम्म्याहून अधिक उत्पन्न सुटे भाग आणि देखभाल यांतून येते, ते यामुळेच.

शुद्धीकरणाची हेलकावे खाणारी मागणी

दुसरा प्रवाह रासायनिक शुद्धीकरणाचा आहे. स्पोड्युमीन हजार अंशांहून अधिक तापमानाच्या फिरत्या भट्टीत भाजावे लागते, नंतर त्यावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया होते, अशुद्ध घटक टप्प्याटप्प्याने काढले जातात आणि शेवटी लिथियम हायड्रॉक्साइडचे स्फटिक तयार होतात. ही यंत्रे खाणीतील यंत्रांहून वेगळी. ती हाताळणारे रासायनिक अभियंते आणि तंत्रज्ञही वेगळे. क्विनानातील तिआनची-आयजीओ प्रकल्पाच्या पहिल्या शाखेची क्षमता वर्षाला २४ हजार टन ठरली होती. तेथे बॅटरीच्या दर्जाचे उत्पादन २०२२ मध्ये निघाले; तथापि पूर्ण क्षमता गाठणे दीर्घकाळ साध्य झाले नाही. यंत्रे बसविणे आणि ती अपेक्षेप्रमाणे चालविणे यांतील अंतर या अनुभवाने अधोरेखित केले.

त्यातच भाव कोसळले. २०२२ च्या अखेरीस उच्चांक गाठलेले लिथियमचे दर पुढील दोन वर्षांत ८० टक्क्यांहून अधिक घसरले. अमेरिकेच्या आल्बमार्ल कंपनीने जुलै २०२४ मध्ये केमर्टन येथील प्रकल्पाची दुसरी शाखा थांबविण्याचा आणि तिसरीचे बांधकाम सोडून देण्याचा निर्णय जाहीर केला. ज्या यंत्रांची मागणी नोंदविण्यासाठी दोन वर्षांपूर्वी घाई चालली होती, त्यांची आवश्यकताच उरली नाही.

निकेलची कथा याहून बोलकी आहे. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेल खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली. परिणामी चिनी कंपन्यांनी त्याच देशात प्रक्रियेचे कारखाने वेगाने उभारले आणि स्वस्त निकेलने बाजार भरून गेला. बीएचपीने क्विनाना येथे बॅटरीसाठी निकेल सल्फेट तयार करणारा कारखाना २०२१ मध्ये सुरू केला होता. तीनच वर्षांत कंपनीचा पश्चिम ऑस्ट्रेलियातील सारा निकेल व्यवसाय स्थगित झाला. त्याचा फेरविचार फेब्रुवारी २०२७ पर्यंत करण्याचे कंपनीने त्या वेळी जाहीर केले. या निर्णयाची झळ कामगारांना आणि खाणीभोवती वसलेल्या छोट्या नगरांना बसली. कुशल तंत्रज्ञ एकदा पांगले, की भाव सुधारल्यावर ते परत मिळतीलच असे नाही.

शोध स्वदेशी, अवलंबन परदेशी

खनिज प्रक्रियेच्या तंत्रात ऑस्ट्रेलिया मागासलेला होता, असे मुळीच नाही. बुडबुड्यांना चिकटवून मौल्यवान खनिजकण पृष्ठभागावर आणणारी प्लवन पद्धती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रोकन हिल येथे औद्योगिक स्वरूपात विकसित झाली. तीच आज जगभरात तांबे, शिसे आणि जस्त यांसाठी वापरली जाते. दगडमिश्रित गाळ वाहून नेणारा वॉरमन पंप कालगुर्लीच्या सुवर्णक्षेत्रात जन्मला. अतिसूक्ष्म दळणाची आयसामिल माउंट आयसा येथील खाणीच्या गरजेतून साकारली, तर जेम्सन सेल हे सुधारित प्लवनयंत्र न्यूकॅसल विद्यापीठातील प्राध्यापक ग्रॅम जेम्सन यांच्या नावाने ओळखले जाते. मात्र वॉरमन पंपाची मालकी आज स्कॉटलंडच्या वीअरकडे आहे आणि आयसामिल व जेम्सन सेल यांचे तंत्र स्वित्झर्लंडच्या ग्लेनकोर समूहाकडे आहे.

दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या बाबतीत परावलंबन अधिक गंभीर ठरते. त्यांच्या शुद्धीकरणाचा सुमारे ९० टक्के वाटा चीनकडे आहे. चीनने डिसेंबर २०२३ मध्ये ही मूलद्रव्ये वेगळी करण्याच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर बंदी घातली आणि एप्रिल २०२५ मध्ये सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर नियंत्रण आणले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर या उद्योगासाठी लागणाऱ्या यंत्रसामग्रीलाच नियंत्रणाच्या कक्षेत आणण्याची घोषणा केली. अमेरिकेशी झालेल्या समझोत्यानंतर ही नवी नियंत्रणे नोव्हेंबर २०२५ मध्ये एका वर्षासाठी स्थगित झाली. तथापि, खनिजाइतकेच ते शुद्ध करणारे यंत्रही राजकीय अस्त्र ठरू शकते, हा त्यातील इशारा कोणाच्याही नजरेतून सुटला नाही.

सरकारचा आधार

या पार्श्वभूमीवर ऑस्ट्रेलियाच्या सरकारने बाजाराच्या भरवशावर न राहण्याचे धोरण स्वीकारले आहे. एनिआबा येथील इलुका कंपनीच्या दुर्मिळ मृदा शुद्धीकरण प्रकल्पाला २०२२ मध्ये १.२५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचे कर्ज मंजूर झाले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यात ४० कोटींची भर पडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार ३१ महत्त्वपूर्ण खनिजांच्या देशांतर्गत प्रक्रियेवरील पात्र खर्चाच्या १० टक्के इतकी करसवलत २०२७-२८ या आर्थिक वर्षापासून मिळणार आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माउंट आयसाचा तांबे वितळविण्याचा कारखाना आणि टाउन्सव्हिलचा शुद्धीकरण कारखाना चालू ठेवण्यासाठी ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतचे साह्य घोषित झाले. त्याच महिन्यात पंतप्रधान अँथनी अल्बानीज आणि राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सुमारे ८.५ अब्ज अमेरिकी डॉलरच्या खनिज प्रकल्पांबाबतच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. किमान भावाची व्यवस्था करण्याचा विचारही या करारात अंतर्भूत आहे आणि यंत्रखरेदीच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

कारण पैसा आणि यंत्रे उपलब्ध झाली, तरी अडचणी संपत नाहीत. लायनास कंपनीचा कालगुर्ली येथील दुर्मिळ मृदा प्रकल्प नोव्हेंबर २०२४ मध्ये रीतसर सुरू झाला. वर्षभरानंतर वारंवार वीज खंडित होत असल्यामुळे तेथील उत्पादनाला फटका बसल्याचे कंपनीला सांगावे लागले. वीज, पाणी, आम्ल, कुशल मनुष्यबळ आणि गाळाची विल्हेवाट ही साखळी एका कडीपाशी तुटली, तरी कोट्यवधींची भट्टी थंड पडते.

भारतासाठी बोध

ऑस्ट्रेलियाचा हा अनुभव भारताला दूरचा नाही. परदेशांतील खनिजे मिळविण्यासाठी २०१९ मध्ये स्थापन झालेल्या खनिज बिदेश इंडिया लिमिटेड अर्थात काबिल या कंपनीने ऑस्ट्रेलियातील लिथियम आणि कोबाल्ट प्रकल्पांसाठी २०२२ मध्ये त्या देशाशी सहकार्य करार केला. चीनच्या नियंत्रणांमुळे २०२५ मध्ये चुंबकांच्या टंचाईची चिंता भारतीय वाहन उद्योगालाही भेडसावली. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने १६ हजार ३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानास मंजुरी दिली. खनिज प्रक्रिया उद्याने उभारणे हा त्याचा एक भाग आहे. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोकडे खनिज प्रक्रियेची प्रयोगशाळा आणि प्रायोगिक संयंत्र आहे. अशा संस्थांचे महत्त्व यापुढे वाढणार, हे उघड आहे.

जम्मू-काश्मीरमधील रियासी जिल्ह्यात लिथियमयुक्त खनिजाचा ५९ लाख टनांचा प्राथमिक अंदाज फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा देशभर उत्साह होता. लिलावाला मात्र पुरेसे बोलीदार आले नाहीत. तेथील चिकणमातीसदृश खनिजातून लिथियम वेगळे करण्याचे तंत्र व्यापारी प्रमाणावर सिद्ध झालेले नाही, हे त्याचे एक कारण मानले जाते. खनिज सापडणे आणि ते उपयोगात येणे यांतील अंतर ऑस्ट्रेलियासारख्या संपन्न, अनुभवी देशालाही अजून पूर्णपणे पार करता आलेले नाही.

भट्ट्या आणि गिरण्या पैसे मोजून विकत मिळतात. त्या अखंड चालविण्यासाठी लागणारी वीज, माणसे आणि भावाची हमी यांची तजवीज मात्र आधी करावी लागते. क्विनानातील नवा लिथियम कारखाना दीर्घकाळ चालतो की शेजाऱ्यांच्या वाटेने जातो, यावर केवळ ऑस्ट्रेलियाचेच नव्हे, तर पर्यायी पुरवठ्याच्या शोधात असलेल्या भारतासह अनेक देशांचे लक्ष राहील.